मेहरूणमध्ये बेअरिंग पकडताना

वर्गात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसतो. त्यावर स्केचपेननं लिहिलेल्या तीन ओळी आणि तिन्हींवर लाल फुली: ‘नटसम्राट’मधलं बेलवलकरांचं स्वगत, दारुडा, आई गेल्याचा फोन. नव्या मुलाला ‘काहीतरी करून दाखव’ म्हटलं की बहुतेक वेळा तो या तिन्हींतलंच एक काढतो, म्हणून ही बंदी.

“ताई, मला त्या पोरांचा राग येत नाही,” वर्ग घेणारे सर सांगत होते. “पण अठरा वर्षांचा पोरगा बेलवलकर करतो ना, तेव्हा तो बेलवलकर करतच नसतो. तो डॉक्टर लागू करत असतो. तेही त्यानं पाहिलेले नसतात. लागूंचं कुणीतरी केलेलं, ते मोबाईलवर बघून हा तिसराच काहीतरी करतो.”

लागूंचं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं ते 1970 च्या डिसेंबरात. म्हणजे ही नकलेची नक्कल पन्नासेक वर्षं चालू आहे.

या अंकासाठी संपादकांनी ‘शिकणं’ असा विषय कळवला, तेव्हा मला अभिनयाचा वर्गच बघायचा होता. गाण्यात सूर लागला नाही तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतं. पोहायला येत नसेल तर नाकातोंडात पाणी जातं. पण अभिनयात चुकणं म्हणजे काय, आणि ती चूक दुरुस्त कशी करतात? मोठ्या शहरांतल्या नामवंत संस्थांबद्दल पुष्कळ लिहून आलेलं आहे. मी मूळची धुळ्याची. त्यामुळे पाय खानदेशाकडे वळले आणि एका परिचिताच्या ओळखीनं जळगावातल्या मेहरूणच्या या वर्गापर्यंत पोचले.

मेहरूण एके काळी बोरांचं गाव होतं. जळगावबाहेरच्या लोकांनाही मेहरूणची बोरं ठाऊक असत. शहर वाढत गेलं तशा बोरीच्या बागा प्लॉटांखाली गेल्या. आता हे महापालिकेतलं उपनगर आहे. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी, तिथल्या डाळमिली आणि चटईचे कारखाने. वर्ग भरतो तो एका सभागृहात. तीन पंख्यांतला एक चालू केला की कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून संवाद सुरू झाले की तो बंद. जळगावच्या उन्हाळ्यात याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

शिकायला येणाऱ्यांत बी.फार्म. करणारी एक मुलगी आहे, चटईच्या कारखान्यात पाळीनं जाणारा एक तरुण आहे, बँकेच्या परीक्षा देत बसलेला एक आहे, चाळिशीतल्या एक काकू आहेत आणि कॉलेजची काही पोरं. आपण मुंबईला जाऊन नट होणार आहोत असं मनापासून मानणारे त्यांत फार थोडे. बाकीचे का येतात, याचं एकच एक उत्तर मला मिळालं नाही. काकू म्हणाल्या, “दोन तास मी कोणाची आई नसते, हे कमी आहे का?”

तलावावरचा गृहपाठ

पहिला धडा सभागृहात होत नाही, तलावावर होतो. रविवारी सकाळी मेहरूण तलावाच्या काठी जायचं, फिरायला आलेल्यांपैकी एक माणूस निवडायचा आणि त्याला बघायचं. टक लावून बघायचं नाही, मागे मागे जायचं नाही, फोटो तर अजिबात काढायचा नाही. घरी जाऊन वहीत लिहायचं.

काय लिहायचं, हे ठरलेलं आहे. चालताना त्या माणसाच्या शरीराचा कुठला भाग सगळ्यांत पुढे असतो? कपाळ, छाती, पोट की गुडघे? वजन टाचेवर पडतं की चवड्यावर? हात रिकामे असले की ते कुठे जातात? श्वास कुठे अडतो? आणि तो पुन्हा पुन्हा कुठे बघतो?

एका मुलानं वहीत लिहिलं होतं: “साठीचे काका. चिडके. एकटे. मुलगा बाहेरगावी असावा.” सरांनी ते सगळं खोडलं. “चिडके हे तुला दिसलं का? तुला काय दिसलं ते लिही.” पोरगं बराच वेळ विचार करत बसलं. मग म्हणालं, “ते बाकावर बसण्याआधी रुमालानं बाक पुसतात. आणि उठल्यावर पुन्हा पुसतात.”

“बसण्याआधी का पुसतात ते कळलं. उठल्यावर कशाला पुसतात?”

कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, “हे. आता तुझ्या हातात काहीतरी लागलं.”

चिडका, प्रेमळ, लबाड ही विशेषणं नटाच्या कामाची नाहीत, कारण ती करता येत नाहीत. ‘चिडकेपणा कर’ म्हटलं की माणूस भुवया आवळतो आणि आवाज चढवतो, म्हणजे आजवर पाहिलेल्या सगळ्या चिडक्यांची गोळाबेरीज करतो. बाक दोनदा पुसणं मात्र करता येतं. ते नीट करायला गेलं की चेहरा आपोआप एका ठिकाणी येतो.

सरांचं एक पालुपद आहे, ते वर्गात सतत कानावर पडतं: “तो माणूस काय सांभाळतोय ते बघ.” प्रेम कुणावर करतो, द्वेष कुणाचा करतो, हे नंतर. आधी तो कशाला जपतो? पाय, पैसा, इस्त्री, आवाज, अब्रू, डबा, यांपैकी काहीतरी प्रत्येक माणूस सतत सांभाळत असतो आणि त्याची चाल त्यावरून ठरते. हे मला सुरुवातीला जरा सोपं वाटलं. असं एका वाक्यात माणूस मावतो का? पण जसजशी तालीम बघत गेले तसतशी शंका विरत गेली.

म्हातारी वाकत नाही

बी.फार्म.च्या मुलीला सत्तरीची आजी करायची होती. तिनं तेच केलं जे आपण सगळे करू. कंबरेत वाकली, एक हात पाठीवर, दुसरा थरथरता, आवाज चिरका. गॅदरिंगला टाळ्या पडल्या असत्या.

सरांनी तिला थांबवून स्टीलचा तांब्या काठोकाठ भरून आणायला सांगितला. “हा घेऊन भिंतीपर्यंत जा आणि ये. एक थेंब सांडायचा नाही.” ती गेली. पावलं आपसूक जवळ पडू लागली, मान स्थिर झाली, नजर चार फुटांपलीकडे जाईना. वळताना तर पूर्ण थांबली, आधी पाय वळवले आणि मग अंग.

“आता तांब्या ठेव. पाणी तुझ्या गुडघ्यात आहे असं समज. चाल.”

तिच्या हालचालीत जे आलं ते बघून बाकीची पोरं गप्प झाली. म्हातारं माणूस वाकायचा प्रयत्न करत नसतं, ताठ राहायचा प्रयत्न करत असतं. पडू नये म्हणून ते जपून चालतं. वाकणं हा त्या प्रयत्नाचा पराभव आहे, आणि पराभव आधीच दाखवून टाकला तर बघणाऱ्याला बघायला उरतं काय? मग तिनं स्वतःहून भर घातली. आजीच्या कमरेला किल्ल्या आहेत आणि घरात कुणी तिच्याकडे किल्ल्या मागत नाही, तरी ती दर थोड्या वेळानं त्या चाचपते. ही भर मला तांब्यापेक्षाही आवडली.

नाटकवाले ज्याला ‘बेअरिंग’ म्हणतात ते हेच. पात्राची चाल, आवाज, नजर, उठणं-बसणं एकदा अंगात बसवायचं आणि पडदा पडेपर्यंत टिकवायचं. ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच माणसं व्हायचे. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, दाजीशास्त्री, राधेश्याम महाराज. 1962 पासून पुढे वर्षानुवर्षं. यांतल्या प्रत्येकाचं बेअरिंग वेगळं, पण पाचही जण एकच गोष्ट सांभाळत होते, ती म्हणजे आपलं खोटं. नाटक इतकं टिकण्यात अत्र्यांच्या लेखणीचा वाटा मोठा आहेच, तरी मला वाटतं की त्या पाच सोंगांखालची ही एक काळजी पणशीकरांनी कधी सोडली नाही, हेही त्याचं एक कारण असावं.

पात्राला खुर्चीत बसवतात

शरीर सापडलं म्हणजे पात्र सापडलं असं नाही. पुढचा खेळ खुर्चीचा. पात्र घेऊन मुलानं मधल्या खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर पात्रानं द्यायचं, मुलानं नाही. प्रश्न मोठमोठे नसावेत, असा नियम आहे. ‘तुझं आयुष्यातलं दुःख काय’ असं कुणी विचारलं की बाकीचे हसतात. चालतात ते असे: आत्ता खिशात काय आहे? सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुणाचा चेहरा दिसला? उधारी कुणाची राहिली? कुणाचा फोन आला तर उचलणार नाहीस? चपला कधी घेतल्या?

उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा नाही. पटकन ठरवायचं आणि ठरवलेलं पुढे बदलायचं नाही. चपला गेल्या पोळ्याला घेतल्या असं एकदा तोंडातून गेलं की पुढची सगळी तालीम त्या चपला पायात. मला हा खेळ पोलिसी जबानीसारखा वाटला. फरक इतकाच की इथे खोटं बोलणाऱ्याला शाबासकी मिळते, पण दुसऱ्यांदाही तेच खोटं बोलावं लागतं.

या सगळ्याची मुळं दूर आहेत. कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्कीनं 1898 मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं आणि पुढची चाळीस वर्षं नटाला काय शिकवता येतं याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. दिलेली परिस्थिती काय आहे? मी या परिस्थितीत असतो तर? या पात्राला आत्ता, या क्षणी काय हवंय आणि ते मिळण्यात आडवं काय येतंय? जगातल्या बहुतेक नाट्यशाळांचे पहिल्या वर्षाचे प्रश्न आजही हेच असतात. मराठीत त्याला आणलं ते के. नारायण काळ्यांनी. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ बसवून ज्यांनी आपल्या रंगभूमीला नवं वळण दिलं तेच हे काळे. ‘अभिनयसाधना’ आणि ‘भूमिकाशिल्प’ ही त्यांची भाषांतरं. सरांकडच्या प्रतीचं कव्हर गेलेलं आहे आणि समासात तीन वेगवेगळ्या शाईंत खुणा आहेत.

पण ही सगळी विद्या रशियातूनच आली असंही मानायला नको. आपल्याकडे तमाशातला वग कुठे अथपासून इतिपर्यंत लिहिलेला असायचा? कथा ठरलेली, प्रसंग ठरलेले, बाकीचे संवाद उभ्या उभ्या. सोंगाड्याला कोण काय विचारेल याचा नेम नसायचा आणि उत्तर पात्रातूनच द्यावं लागायचं. खुर्चीचा खेळ तो रोज रात्री खेळत होता, फक्त त्याला बसायला खुर्ची नव्हती.

केळीचा घड

चटई कारखान्यातल्या तरुणानं केळी कापणारा मजूर निवडला होता. जळगाव जिल्ह्यात हे पात्र मिळायला कष्ट नाहीत. रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली की मजुरांच्या टोळ्या बागांत उतरतात. त्यानं लिहून आणलेला प्रसंग असा: मजूर मुकादमाकडे उचल मागतो, मुकादम नाही म्हणतो, मजूर भडकतो.

पहिल्या वेळी त्यानं जे केलं ते पाहून मला सिनेमातला हमाल आठवला. छाती काढलेली, पाय फाकलेले, आवाज मोठा, मिशीवरून हात, वाक्यागणिक कोयता नाचवणं. पोरांना आवडलं. सरांनी फक्त विचारलं, “तू कापणी बघितलीस का कधी?”

“लहानपणापासून बघतोय सर.”

“रस्त्यावरून बघितली असशील. वावरात जा.”

तो मामाच्या गावी गेला आणि दोन सकाळी कापणीच्या टोळीबरोबर राहिला. परत आला तो वेगळाच माणूस घेऊन. त्यानं सांगितलं ते असं. एक जण कोयत्यानं खांबाला अंदाजानं घाव घालतो, एवढाच की झाड हळूहळू कलावं. घड खाली येतो तो दुसऱ्यानं खांद्यावर झेलायचा. वीस-पंचवीस किलोचा घड, खांद्यावर गोणपाटाची घडी, आणि दांडा एका हातात. पण वजन हा त्यातला सोपा भाग. अवघड हे, की कच्च्या केळीला नख लागलं, घासलं, आपटलं, तरी सालीवर डाग येतो. तो डाग पिकताना काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून घड उतरवताना कंबरेतून पूर्ण खाली जायचं आणि पानांच्या थरावर टेकवायचा, टाकायचा नाही. दिवसभर. शिवाय कापल्या जागेतून चीक गळत असतो. तो कपड्याला लागला की तपकिरी डाग पडतो आणि तो डाग कपडा फाटला तरी जात नाही. मजुरांचे शर्ट त्या डागांनी भरलेले.

“म्हणजे सर, तो माणूस स्वतःच्या अंगाला जपतच नाही. शर्ट गेला तर जाऊ दे. खांदा सोलला तर सोलू दे. पण केळीला बोट लागू देत नाही.”

मग त्यानं तोच प्रसंग पुन्हा केला. घड म्हणून चिंध्या भरलेली गोणी. मुकादमाशी बोलणं चालू असताना तो गोणी उतरवत होता, आणि राग मनात असूनही ती सावकाश टेकवत होता. ‘उचल देत नाही म्हणजे काय’ हे तो खाली वाकलेल्या अवस्थेत, दोन्ही हात गोणीखाली अडकलेले असताना म्हणाला. आवाज चढला नाही. चढवायला श्वासच नव्हता. कोयता तर त्यानं बाजूला पानात खुपसून ठेवला होता, कारण खऱ्या मजुराचा कोयता हातात नाचत नाही, त्याला काम असतं.

वर्गात टाळ्या पडल्या नाहीत. काकू हळूच म्हणाल्या, “हा मारेल आता मुकादमाला.” छाती काढून ओरडणाऱ्या पहिल्या मजुराबद्दल असं कुणाला वाटलं नव्हतं.

नक्कल आणि भूमिका यांतलं अंतर मला इथे पहिल्यांदा डोळ्यांसमोर मोजता आलं. नक्कल वाईट असं मी म्हणणार नाही. आमच्याकडचं पाणीच तसलं आहे. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला आणि नक्कल हाच सिनेमा करून दाखवला. यूट्यूबवरच्या छोटूदादाच्या व्हिडिओंवर इथली पोरं वाढलेली आहेत, कुणाचीही चाल मिनिटात उचलतात. सर ही देणगी फेकून देत नाहीत. ते म्हणतात, नक्कल ही एण्ट्री आहे, तिथून आत यायचं. नक्कल करताना आपण माणसाला समोरून बघतो. पुढे त्याच्या बाजूनं बघायचं असतं, त्याच्या अडचणीसकट.

‘ळ’ आणि ‘य’

या वर्गात सगळ्यांत मोठी लढाई चालते ती भाषेची. जळगाव परिसरातल्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया, शाळेची शाया. पलीकडे धुळ्याकडे गेलं की अहिराणी. ही पोरं घरात तेच बोलतात आणि वर्गात आली की पाठ्यपुस्तक बोलतात. शाळेत हसू झालेलं असतं, कॉलेजात कुणीतरी चिडवलेलं असतं, मुलाखतीला ‘शुद्ध बोल’ म्हणून सांगितलेलं असतं. इथल्या विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. बहिणाबाई असोद्याच्या, मेहरूणपासून काही कोसांवरच्या. अक्षरओळख नव्हती, सगळी रचना याच लेवा बोलीत, आणि त्यांचं पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, 1952 मध्ये. त्यांच्या नावाची पदवी घेणारं पोरगं ‘केयी’ म्हणायला लाजतं. यावर मी काही शेरा मारायला नको.

केळीच्या मजुरानंही आधी ‘केळी’च म्हटलं होतं. सरांनी त्याला सबंध प्रसंग घरच्या बोलीत करायला लावला, आणि त्याचे हात मोकळे झाले. हे मला अनपेक्षित होतं. परक्या भाषेत बोलताना माणसाचं अर्धं लक्ष जिभेवर पहारा देण्यात जातं, मग पात्राला जपायला उरतं किती?

याच्या उलटी चूकही होते. बोली आली की काही जणांना ती विनोदासाठीच वापरायची सवय असते. गावंढळ नोकर, भोळी सासू. तेव्हा सर दोन उदाहरणं देतात. एक लक्ष्मण देशपांड्यांचं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करायचा, आणि हसता हसता गावातल्या प्रत्येक माणसाची निराळी अडचण कळत जायची. दुसरं घरचंच. जळगावच्या ‘परिवर्तन’ संस्थेचं ‘नली’ हे एकलनाट्य. श्रीकांत देशमुखांच्या लेखनावरून शंभू पाटलांनी रंगावृत्ती केली आणि हर्षल पाटील ते एकट्यानं सादर करतात. रंगमंचावर नली नाही, तिच्याबद्दल बोलणारा माणूस आहे. तरी बघणाऱ्याला नली दिसते. कारण सांगणाऱ्याची भाषा गावची आहे आणि ती हसवण्यासाठी आणलेली नाही.

रडू आणायचं कसं

हा प्रश्न प्रत्येक तुकडी विचारते. काकूंना तर डोळ्यांत पाणी आणणं चुटकीसरशी जमायचं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. भावाशी वाटणीवरून संबंध तुटल्याची बातमी कळते, असा त्यांचा प्रसंग. बातमी कळली, अश्रू आले, खरे होते. आम्ही बघत राहिलो, पण कुणाला काही झालं नाही.

सरांनी पुढ्यात परात ठेवली. कळण्याचं पीठ मळायचं, बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेत, त्यांच्यासमोर रडायचं नाही आणि भाकरीही थांबवायची नाही. काकूंनी पीठ मळायला घेतलं. बातमी आली. हात थांबला, पुन्हा चालू झाला. पाणी जास्त झालं म्हणून त्यांनी पीठ वाढवलं, मग पुन्हा पाणी. मळलेलं पीठ परत परत मळत राहिल्या. बाहेरून कुणीतरी ‘वहिनी, झालं का?’ म्हटलं तेव्हा ‘झालंच’ म्हणाल्या, आणि आवाज पार वरच्या पट्टीत गेला होता. माझ्या शेजारच्या मुलीनं ओढणीनं डोळे पुसले. काकूंचे कोरडे होते.

नाट्यशास्त्रात भरतानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. अंग, वाणी, वेशभूषा-रंगभूषा हे पहिले तीन नटाच्या ताब्यात. घाम, रोमांच, स्वर फुटणं, कंप, अश्रू ही मंडळी चौथ्यात येतात. तिथे थेट हात घालायला गेलं की ती निसटतात, असं सरांचं मत. स्तानिस्लावस्कीही आधी नटाच्या जुन्या आठवणी उकरून भावना जागवण्याच्या मागे होता. उतारवयात मात्र त्यानं शारीरिक क्रियेवर भर दिला, आणि 1938 मध्ये तो वारला तेव्हा मोलिएरच्या ‘तार्तुफ’ची तालीम तो अशाच पद्धतीनं घेत होता. आठवणी उकरायला या वर्गात सक्त मनाई आहे. कारण साधं आहे. उकरलेलं परत बुजवायला इथे मानसोपचारतज्ज्ञ बसलेला नाही, आणि पोरांना नऊ वाजता घरी जायचं असतं.

हॉल, वेळ आणि पदर

नऊ वाजता म्हणजे मुलांनी. मुली साडेसातलाच निघतात. घरून तेवढीच परवानगी असते, आणि तीही एखादीचा भाऊ न्यायला आला तर. त्यामुळे साडेसातनंतरच्या तालमीत बायकांच्या भूमिका पोरांकडे. लग्नसराईत सभागृहच मिळत नाही. मग तालीम कुणाच्या तरी गच्चीवर, शेजारचे ओरडेपर्यंत. हौशी राज्य नाट्य स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, विद्यापीठाचा युवारंग, या तारखांभोवती इथलं वर्ष फिरतं. स्पर्धा संपली की वर्गातली डोकी निम्मी होतात.

बायकी भूमिका करायला लागलेल्या एका मुलाला लाज वाटत होती आणि ती झाकायला तो मुरडत होता. सरांनी त्याला बालगंधर्वांचं सांगितलं. हे शहर त्यांना परकं नव्हतं. बालगंधर्व, म्हणजे नारायण राजहंस, लहानपणी जळगावात राहून मेहबूब खान यांच्याकडे गाणं शिकले होते, आणि इथल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. त्यांची नेसण, दागिने, केशरचना बघून घराघरांतल्या बायका तशा नटू लागल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण 1919 मध्ये याच माणसानं ‘एकच प्याला’मधली सिंधू केली, जात्यावर दळण दळणारी, दारुड्या नवऱ्याची अब्रू झाकणारी. मुरडण्याला तिथे जागा नव्हती. “ती काय सांभाळतेय?” सरांनी विचारलं. मुलगा म्हणाला, “घर.” “मग तू घर सांभाळ. बाई आपोआप होशील.” साडी नेसवून त्याला पोरगं कडेवर घेऊन पाणी भरायला लावलं, पदर खोचलेला. मुरडायला त्याला वेळच मिळाला नाही.

मुंबईला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. रात्रीची गाडी पकडली की सकाळी दादर. ऑडिशनला उभं राहिल्यावर मिनिटभर मिळतं, तेही नाव, उंची सांगण्यात निम्मं जातं. तिथे खुर्ची, वही, तलाव काही विचारत नाहीत. वर्गातून गेलेला एक जण मालिकेत इन्स्पेक्टरमागचा हवालदार झाला. संवाद नव्हते. त्यानं सरांना फोन करून विचारलं, “सर, हवालदार काय सांभाळत असेल?” सर म्हणाले, “त्याची ड्यूटी किती वाजता संपते ते आधी ठरव.” तो भाग मी मुद्दाम बघितला. मागे उभा असलेला तो हवालदार दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. दिग्दर्शकाच्या ते लक्षात आलं नसावं, नाहीतर कापलं असतं.

सादरीकरणाची संध्याकाळ

तुकडी संपताना घरच्यांना बोलावून छोटे प्रसंग दाखवतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढे सतरंजीवर लहान मुलं, एक भाड्याचा माईक. आजी झालेल्या मुलीच्या खऱ्या आजी पहिल्या रांगेत होत्या आणि किल्ल्या चाचपल्या तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या. काकूंचा प्रसंग त्यांच्या घरच्यांनी मान खाली घालून पाहिला.

केळीचा मजूर शेवटून दुसरा. तो नव्या पांढऱ्या पँटीत आला होता आणि वेळेअभावी तसाच उभा राहिला. प्रसंग चांगला झाला. गोणी टेकवताना सभागृह शांत होतं. संपल्यावर टाळ्या चालू असतानाच मागच्या रांगेतून एक बाबा उठून पुढे आले, कुणाचे तरी आजोबा असावेत.

“सगळं बरोबर केलं भो. पण घड त्या खांद्यावर घेशील तर दांडा कुठल्या हातात धरशील? आणि उतरवताना हा पाय पुढे नाही, तो.”

सर माईक सोडून खाली आले. बाबांनी गोणी उचलली, खांद्यावर घेतली, कंबरेतून खाली गेले, टेकवली, पुन्हा उचलली. मुलगा शेजारी उभा राहून पाय जुळवत होता. सरांचं म्हणणं, प्रेक्षकांना चेहरा दिसायला हवा म्हणून तो पाय पुढे. बाबांचं म्हणणं, चेहरा बघायचा असेल तर फोटो काढा, घड पडला तर पैसे कोण देणार? पुढच्या प्रसंगाची पोरं विंगेत ताटकळत होती, निवेदन करणारी मुलगी हातातला कागद उलटसुलट करत होती. शेवटी बाबाच कंटाळले.

“असं नाही येणार तुला. उद्या सकाळी सहाला वावरात ये, कापणी आहे,” ते मुलाला म्हणाले. “आणि ही पांढरी पँट घालून नको येऊ.”